पारा चढतो म्हणजे काय होतं?

‘ए, माझं बीपी वाढवू नकोस हं!’

आपल्या हॉस्टेलवर हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकू येतं याची कोणी मोजदाद केली, तर आकडा सहज शंभरावर जाईल. बाथरूमबाहेर ठेवलेली बादली कोणी पळवली, की बीपी वाढलं. सबमिशनच्या आदल्या रात्री कोणी फाइल मागायला आलं, की बीपी वाढलं. ड्रॉइंगची शीट सरांनी तिसऱ्यांदा परत केली, मग तर विचारायलाच नको. आपल्या भाषेत बीपी वाढणं म्हणजे राग येणं. मीही तेच समजत होतो. जो रागीट त्याला बीपी, जो शांत तो सुटला.

गेल्या दिवाळीत हा हिशेब चुकला.

आत्यासाठी बीपी मोजायचं डिजिटल मशीन आणलं होतं. आत्या म्हणजे आमच्या घराण्याची तोफ. तिचा आवाज चाळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातो. फराळाच्या ताटांबरोबर मशीनही फिरलं आणि गंमत म्हणून सगळ्यांनी हात पुढे केले. आत्याचं आलं १२८/८२. बाबांचं आलं १७०/१०४. मशीन नवीन आहे, पट्टा नीट बसला नसेल, असं म्हणून पुन्हा मोजलं. १६८/१०४.

बाबा भोसरीच्या एका कंपनीत प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर आहेत. एकोणतीस वर्षं झाली. मला समजायला लागल्यापासून त्यांनी घरात कोणावर आवाज चढवलेला मी ऐकलेला नाही. आत्या म्हणाली, ‘अरे दादा, तू तर जन्मात कोणावर ओरडला नाहीस. तुला कसं बीपी झालं?’ बाबा हसले आणि पट्टा काढून ठेवला.

आत्याचा तो प्रश्न घेऊनच मी हॉस्टेलवर परत आलो. त्याचं उत्तर शोधताना जे वाचलं ते तुमच्यापुढे मांडतो आहे. मी मेकॅनिकलचा विद्यार्थी, डॉक्टर नव्हे. त्यामुळे सुरुवात मला कळणाऱ्या गोष्टीपासून करतो, म्हणजे पंप आणि पाइपपासून.

पंप, पाइप आणि पारा

‘पारा चढला’ हा वाक्प्रचार आपण रागासाठी वापरतो, पण रक्तदाबाच्या बाबतीत तो शब्दशः खरा होता. १८२८ साली पॅरिसमध्ये एका तरुण डॉक्टरने आपल्या प्रबंधासाठी पाऱ्याची इंग्रजी ‘यू’ आकाराची नळी प्राण्यांच्या धमनीला जोडून रक्ताचा दाब मोजला. त्याचं नाव प्वाझय. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात ज्याच्या समीकरणाने आपला घाम काढला तोच हा. अरुंद नळीतून द्रव किती वेगाने वाहतो याचे प्रयोग त्याने केले ते रक्ताभिसरण समजून घेण्यासाठी. आता पाऱ्याची यंत्रं दवाखान्यांतून हळूहळू जात आहेत, पण एकक अजून ‘मिलिमीटर पारा’ हेच आहे. १२० मिलिमीटर पारा म्हणजे पाण्याचा साधारण एक मीटर त्रेसष्ट सेंटिमीटर उंचीचा स्तंभ. म्हणजे आपलं हृदय दर ठोक्याला जवळजवळ माणसाच्या उंचीएवढं पाणी उभं राहील इतका दाब तयार करतं.

दाब कशाने वाढतो? पंपाने जास्त प्रवाह ढकलला तर वाढतो, किंवा पाइपांचा रोध वाढला तर वाढतो. राग आला की दोन्ही गोष्टी होतात. हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली वेदना, भूक, भीती आणि संताप यांत शरीरात काय बदल होतात यावर पुस्तक लिहिलं. समोर शत्रू दिसला की लढायचं किंवा पळायचं, एवढ्या दोनच कामांसाठी शरीर सज्ज होतं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात, मज्जातंतू हृदयाला टाच मारतात, ठोके वाढतात. त्वचेतल्या आणि आतड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे सगळं रक्त स्नायूंकडे वळवता येईल.

या आकसण्यातच मेख आहे. प्वाझयच्या समीकरणात रोध हा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. एखाद्या बारीक वाहिनीची त्रिज्या नुसती दहा टक्क्यांनी कमी झाली तर तिचा रोध किती वाढेल? ०.९ चा चौथा घात करा, ०.६५६ येतो. एक भागिले ०.६५६ म्हणजे १.५२. त्रिज्या दहा टक्के कमी आणि रोध बावन्न टक्के जास्त! (रक्त हा न्यूटोनियन द्रव नाही आणि वाहिन्या ताठ नळ्या नाहीत, हे मला माहीत आहे. एफएमच्या सरांनी तेवढं चालवून घ्यावं.)

आता हे सगळं धोक्याचं आहे का? एकदा घडलं तर नाही. मानेतल्या मोठ्या धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारे सेन्सर असतात. दाब वाढला की ते काही सेकंदांत मेंदूला कळवतात आणि मेंदू हृदयाला आवरतो. कंट्रोल सिस्टिममधला निगेटिव्ह फीडबॅक, पाठ्यपुस्तकात शोभेल असा. पण दाब सतत चढाच राहिला तर हे सेन्सर सरावतात. सेट पॉइंटच वर सरकतो. १५० ला ‘नॉर्मल’ समजून ते गप्प बसतात. शिवाय सतत दाब सोसणाऱ्या बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड होतात, आतली जागा कायमची कमी होते, आणि मग राग असो वा नसो, रोध वाढलेलाच.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉक्टरांचा २०२४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. २८० निरोगी तरुण माणसं घेतली. काहींना राग आणणारी जुनी गोष्ट आठवायला सांगितली, काहींना चिंतेची, काहींना दुःखाची, आणि काहींनी नुसते आकडे मोजले. फक्त आठ मिनिटं. ज्यांनी रागाची गोष्ट आठवली त्यांच्या रक्तवाहिन्यांची सैल होण्याची क्षमता पुढे चाळीस मिनिटांपर्यंत कमी राहिली. चिंता आणि दुःखाच्या गटांत असा ठळक परिणाम दिसला नाही. समोर भांडायला कोणी नव्हतं, नुसती आठवण होती, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

साहेब भडकला तर तुम्ही काय कराल?

आत्याच्या प्रश्नाकडे वळू. शांत माणसाला बीपी का?

शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी १९३९ सालीच एक कल्पना मांडली होती, की राग दाबून ठेवणाऱ्या माणसाचा रक्तदाब वाढतो. वाफ कोंडली की बॉयलर फुगतो, तसं काहीसं. कल्पना पटकन पटते, आणि पटकन पटणाऱ्या कल्पनांची जरा भीतीच वाटते. ती तपासायला बराच काळ जावा लागला.

मला सगळ्यात आवडलेलं काम मिशिगन विद्यापीठातल्या अर्नेस्ट हार्बर्ग यांचं. मोटारींचे कारखाने असलेल्या डेट्रॉइट शहरात त्यांनी गोऱ्या आणि काळ्या, बऱ्या आणि खडतर वस्त्यांतल्या लोकांचे रक्तदाब मोजले आणि त्यांना प्रश्न विचारले. १९७९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखातला प्रश्न साधारण असा होता: तुमची काही चूक नसताना साहेब तुमच्यावर भडकला, तर तुम्ही काय कराल?

काही म्हणाले, गुपचूप निघून जाऊ. काही म्हणाले, तिथल्या तिथे उलट बोलू. आणि काही म्हणाले, त्याला थंड होऊ देऊ, मग जाऊन नीट बोलू. अलेक्झांडरच्या हिशेबाने पहिल्या गटाचं बीपी जास्त आणि दुसऱ्याचं कमी असायला हवं. हार्बर्ग यांनी मात्र पहिल्या दोघांना एकाच पारड्यात टाकलं, कारण दोघांच्याही मनात डंख राहतो. तिसऱ्या प्रकारच्या माणसांचा रक्तदाब या दोघांपेक्षा कमी निघाला.

फिनलंडमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानेही हेच सुचवलं. बीपी नॉर्मल असलेले ५३७ पुरुष चार वर्षं पाहिले. जे राग आत कोंडत होते त्यांच्यात उच्च रक्तदाब जास्त झाला, आणि जे राग बाहेर ओतत होते त्यांच्यातही जास्त झाला. तेव्हा ‘मनात ठेवू नकोस, ओरडून मोकळा हो’ हा हॉस्टेलचा लाडका सल्ला काही उपयोगाचा नाही. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये शेकडो कॉलेज विद्यार्थ्यांना आधी चिडवलं आणि मग त्यांतल्या काहींना चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले. राग कमी झाला नाही, उलट वाढला. नुसते शांत बसून राहिलेले त्यांच्यापेक्षा बरे निघाले. आमच्या विंगमधले दरवाजे आपटणारे महाभाग वाचत असतील अशी आशा आहे.

कामगारांच्या बाबतीत सर्वांत नेमका अभ्यास १९८६ सालचा. कॉटिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या दोन कारखान्यांमधले तासाच्या दराने काम करणारे ३६६ पुरुष कामगार तपासले. वय चाळीस ते त्रेसष्ट, म्हणजे माझ्या बाबांच्याच वयाची माणसं. प्रश्न असा होता, की कामाचा ताण आणि दाबलेला राग यांचा उच्च रक्तदाबाशी संबंध आहे का? उत्तर सरळ नव्हतं. नोकरी टिकेल की नाही याची धाकधूक, सोबतच्यांशी न पटणं, बढतीबद्दलची नाराजी, या गोष्टींचा संबंध उच्च रक्तदाबाशी दिसला, पण तो राग गिळणाऱ्या कामगारांमध्ये. नुसत्या ताणाने काम होत नव्हतं. ताण आणि गिळलेला राग एकत्र आले की आकडे बोलायला लागत होते.

हे वाचलं आणि मला आत्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालं. बाबा शांत आहेत असं आम्ही घरचे म्हणत होतो. ते शांत असतीलही. पण ते गिळतात की काय, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं.

डोळे घरी ठेवून आलात का?

उरलेलं निम्मं उत्तर इन-प्लँट ट्रेनिंगमध्ये मिळालं. कंपनीचं नाव सांगत नाही, चाकणच्या बाजूची होती एवढं पुरे.

प्रेसवर एक काका होते. केस पांढरे, कानात कापूस. शीट सरकवायची, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, स्ट्रोक पडला की जॉब काढायचा, पुन्हा शीट. शिफ्टचं टार्गेट फळ्यावर खडूने लिहिलेलं. लघवीला जायचं तर लाइन लीडरला सांगून, आणि जागेवर दुसरा माणूस उभा राहिला तरच. त्या दिवशी जॉबला बर येत होती. डायची धार गेली होती. काकांनी ते सकाळीच सांगितलेलं मी स्वतः ऐकलं होतं. पण ग्राइंडिंगला डाय काढली तर टार्गेट बुडणार, म्हणून ‘चालू द्या’ असं उत्तर आलं होतं. दुपारी रिजेक्शनचा ढीग पाहून शिफ्ट इंजिनीअर आला. आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. सगळ्या लाइनसमोर म्हणाला, ‘डोळे घरी ठेवून आलात का?’

काका म्हणाले, ‘हो साहेब.’

हो साहेब! डोळे घरी ठेवून आलो, असा त्याचा शब्दशः अर्थ होतो. पण त्या दोन शब्दांचा अर्थ तसा नसतोच. मग ते वळले आणि पुढची शीट सरकवली. मशीन थांबलं नव्हतं. जबड्याजवळचा स्नायू तेवढा हलत होता.

अमेरिकेचे रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ साली कामाकडे बघायची एक सोपी चौकट मांडली. प्रत्येक कामाला दोन प्रश्न विचारायचे. कामाची मागणी किती? आणि ते कसं करायचं हे ठरवायची मोकळीक किती? मागणी जास्त आणि मोकळीकही जास्त, असं काम सर्जनचं, डिझाइनरचं. दमवतं, पण माणूस त्यात वाढतो. मागणी जास्त आणि मोकळीक शून्य, असं काम प्रेसवरच्या काकांचं. कारासेक यांच्या मते खरा ताण या दुसऱ्या घरात असतो. ‘साहेबांना केवढं टेन्शन!’ असं आपण म्हणतो, ते चुकीच्या माणसाकडे बघून.

हे नुसतं कागदावर राहिलं नाही. १९९० साली न्यूयॉर्कमध्ये सात ठिकाणी काम करणाऱ्या २१५ पुरुषांना चोवीस तास बीपी मोजणारं यंत्र बांधून पाहिलं. ज्यांचं काम या दुसऱ्या घरात पडत होतं त्यांच्यात उच्च रक्तदाब आढळण्याची शक्यता सुमारे तिप्पट निघाली. त्याआधी, १९६७ पासून, लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे अठरा हजार पुरुषांचा ‘व्हाइटहॉल’ नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला होता. हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा सर्वांत खालच्या शिपाई-पहारेकऱ्यांमध्ये तिपटीहून जास्त निघालं. सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल वजा करूनही सगळा फरक उलगडला नाही. या मालिकेतली मला सर्वांत बोचलेली गोष्ट मायकेल मार्मट आणि टोरेस थिओरेल यांनी १९८८ मध्ये नोंदवली आहे. कामावर असताना साहेबांचं आणि खालच्या लोकांचं बीपी जवळपास सारखंच होतं. संध्याकाळी घरी गेल्यावर साहेबांचं चांगलंच उतरायचं. खालच्यांचं तेवढं उतरायचं नाही.

रूमवर येऊनही न संपणारी व्हायव्हा

का उतरायचं नाही, याचं एक उत्तर आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं आहे. व्हायव्हात सरांनी चारचौघांत अपमान केला. व्हायव्हा पाच मिनिटांत संपली. पण रूमवर येऊन रात्री दोन वाजेपर्यंत आपण ती पुन्हा देत असतो. ‘मी असं म्हणायला हवं होतं’, ‘त्यांनी असं विचारलं असतं तर मी तसं सुनावलं असतं’. प्रत्येक वेळी उत्तर जास्त झणझणीत.

मराठीत याला धुसफुसणं म्हणतात, आणि शब्द अगदी योग्य आहे. ज्वाला दिसत नाही, पण आत निखारा असतो. ग्लिन, क्रिस्टनफेल्ड आणि गेरिन यांनी २००२ मध्ये दाखवलं, की भावना दुखावणारा प्रसंग घडून गेल्यावर बीपी खाली यायला वेळ लागतो, आणि तो प्रसंग नंतर नुसता आठवायला लावला तरी ते पुन्हा चढतं. याच मंडळींपैकी काहींनी २००६ मध्ये पाहिलं, की चिडलेल्या माणसाचं लक्ष दुसरीकडे वेधलं तर त्याचं बीपी लवकर उतरतं. कोलंबियाच्या प्रयोगातली ती आठ मिनिटांची आठवण इथे येऊन मिळते. एक अपमान, आणि त्याच्या वीस आठवणी. रक्तवाहिन्यांना खरा अपमान आणि आठवलेला अपमान यांतला फरक फारसा कळत नाही.

ज्याच्या हातात अधिकार आहे त्याचा प्रसंग तिथेच मिटतो, कारण त्याला हवं ते बोलता येतं. ज्याला ‘हो साहेब’ म्हणून वळावं लागतं तो प्रसंग डब्यासारखा घरी घेऊन येतो. मग कोणी टपरीवर जाऊन सिगारेट ओढतो, कोणी तंबाखूची चिमूट वाढवतो, कोणी क्वार्टर मारतो. या सवयी रक्तदाब आणि हृदयाचं जे करतात ते वेगळं सांगायला नको. म्हणजे राग दोन वाटांनी काम करतो, एक थेट वाहिन्यांवर आणि दुसरी आडवाटेने.

इथे एक खुलासा केला नाही तर मी प्रामाणिक राहणार नाही. राग हे बीपीचं एकमेव किंवा सर्वांत मोठं कारण नाही. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिले की राग आणि रक्तदाब यांतला संबंध दिसतो, पण तो लहान दिसतो, आणि काही अभ्यासांत दिसतही नाही. वय, आनुवंशिकता, वजन, दारू, झोप, रात्रपाळी, मशीनचा आवाज, आणि मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. आपलं लोणचं, पापड आणि फरसाण धरून हिशेब करून पाहा. प्रेस शॉपमध्ये या गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात, की कोणत्या धाग्याने गाठ बसली हे एका माणसाबाबत सांगताच येत नाही. बाबांना राग गिळल्यामुळेच बीपी झालं असं मी म्हणू शकत नाही. आजोबांनाही होतं.

आणि उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. राग येतो म्हणजे बीपी आहे असं नाही, आणि राग येत नाही म्हणजे बीपी नाही असंही नाही. बहुतेकांना काही जाणवतच नाही, डोकं दुखत नाही की चक्कर येत नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के जणांचं बीपी वाढलेलं होतं किंवा ते त्यासाठी औषध घेत होते. मोजल्याशिवाय कळत नाही. मोजायचं तेही पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, आणि त्याआधी अर्धा तास चहा-सिगारेट नाही. एकाच आकड्यावर घाबरायचं नाही. वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा वर आलं तर डॉक्टरकडे जायचं. काहींचं बीपी दवाखान्यात नॉर्मल येतं आणि कामावर चढलेलं असतं, त्यामुळे वर्षातून एकदा कंपनीच्या तपासणीत ‘ठीक’ असा शिक्का बसला म्हणजे सगळं ठीक असतंच असं नाही. गोळी सुरू झाल्यावर आकडा उतरला म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करणारे तर घरोघरी सापडतील. आकडा गोळीमुळेच उतरलेला असतो.

करतो साहेब

हार्बर्ग यांच्या तिसऱ्या गटाकडे मला पुन्हा जायचंय. साहेब थंड झाल्यावर त्याच्याशी बोलणारी माणसं. ऐकायला सोपं वाटतं. पण चाकणच्या त्या काकांनी चार वाजता त्या इंजिनीअरकडे जाऊन ‘साहेब, डायबद्दल मी सकाळीच सांगितलं होतं’ असं म्हणायचं तर त्यासाठी काय काय लागेल? मशीन सोडून जायची परवानगी. उद्या दुसऱ्या प्रेसवर टाकणार नाहीत याची खात्री. आणि ऐकून घेणारा माणूस. या तिन्हींतली एकही गोष्ट काकांच्या हातात नाही. ‘राग आवरा, दीर्घ श्वास घ्या’ असे फलक कॅन्टीनमध्ये लावणं सोपं आहे. (दीर्घ श्वासाला माझा विरोध नाही. २०२४ मध्ये दीडशेहून जास्त अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष हाच आहे, की शरीर शांत करणारे उपाय राग कमी करतात, धावण्यासारखे शरीर तापवणारे उपाय करत नाहीत.) पण डायला धार लावायला कधी काढायची हे ठरवण्यात ऑपरेटरचं मत घ्यायचं की नाही, टार्गेट कोणी आणि कशावरून लिहायचं, चूक झाली तर लाइनसमोर बोलायचं की केबिनमध्ये, हे ठरवणारे आपण असणार आहोत. दोन वर्षांत आपल्यातले कित्येक जण त्या इंजिनीअरच्या जागी उभे असतील. तो माणूस वाईट नव्हता हो. त्याच्यावरही वरून कोणीतरी ओरडलं होतं, ते मी पाहिलं होतं.

आणि दोन वर्षं तरी कशाला थांबायचं? गेल्या सत्रात मेसमध्ये पोळ्या गार आल्या म्हणून आमच्या टेबलाने ताटं आपटली होती. त्या टेबलावर मीही होतो. वाढणारे मामा पन्नाशीचे. गॅसची टाकी संपली होती आणि दुसरी अर्ध्या तासाने आली, हे आम्हाला नंतर कळलं. मामा तेव्हा एवढंच म्हणाले, ‘करतो साहेब.’ हा ‘साहेब’ म्हणजे आम्ही, वय वर्षं एकवीस. मागणी तीनशे ताटांची, मोकळीक शून्य, आणि उलट बोललं तर कॉन्ट्रॅक्टर उद्या दुसरा माणूस आणणार. कारासेकची चौकट समजून घ्यायला मी चाकणपर्यंत गेलो, ती मेसच्या काउंटरपलीकडे रोज उभी होती.

कॉलेजचं आरोग्य शिबिर दरवर्षी होतं. त्यात आपलं बीपी मोजतात, आणि आपल्या वयाला ते बहुतेकांचं नॉर्मलच येतं. मेसमधले मामा-मावशी, गेटवरचे वॉचमन, झाडलोट करणाऱ्या ताई यांचं नाव त्या यादीत नसतं, कारण ते कॉन्ट्रॅक्टरची माणसं. चाळिशीच्या पुढची माणसं त्याच यादीत जास्त आहेत. रेक्टर सरांना आमच्या विंगने अर्ज दिला आहे, की या वर्षी शिबिराचा पहिला तास त्यांच्यासाठी ठेवावा. सर ‘बघतो’ म्हणालेत. अर्जावर आणखी सह्या हव्या आहेत. रूम नंबर २१४ मध्ये कागद ठेवलाय.

बाबांना डॉक्टरांनी रोज सकाळी एक गोळी दिली आहे. मीठ कमी केलंय, म्हणजे आईने केलंय आणि बाबा कुरकुरत खातात. मागच्या महिन्यात घरी गेलो तेव्हा संध्याकाळी ते शिफ्टवरून आले, चहा घेतला आणि बसले. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘बाबा, तुमच्या इथे डायची धार गेली तर कोण ठरवतं?’

ते पाऊण तास बोलले. नावं, वर्षं, कोण साहेब काय म्हणाला होता, कोणत्या दिवाळीचा बोनस का कापला होता, सगळं. एकोणीस वर्षांपूर्वीचा एक प्रसंग त्यांनी शब्द न शब्द सांगितला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं. बोलणं झालं तसा मी घाईघाईने मशीन आणून पट्टा बांधला. मला वाटलं होतं, मन मोकळं झालं, आता आकडा झकास येणार. आला १५२/९४.

दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही. टीव्हीवर मॅच चालू होती, बाबा ती बघत होते. पुन्हा मोजलं. १३४/८४.

‘तुझं मशीन बिघडलंय,’ बाबा म्हणाले, आणि आवाज वाढवायला रिमोट मागितला.